सुईनं दाखवलं ते

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात टकोमा नावाचं बंदराचं शहर आहे. तिथल्या ब्रॅडकेन कंपनीच्या फाउंड्रीत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांसाठी पोलादाचे ओतीव भाग तयार व्हायचे. २०१७च्या मे महिन्यात तिथल्या प्रयोगशाळेतल्या एका कर्मचाऱ्याला जुन्या चाचण्यांच्या कार्डांवर बदललेले आकडे दिसले आणि तो चक्रावला. चौकशीअंती जे बाहेर आलं ते असं: १९८५पासून २०१७पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षं, प्रयोगशाळेच्या मुख्य धातुतज्ज्ञ बाई नापास पोलाद कागदावर पास करत होत्या. किमान २४० हीट्स. (हीट म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेला माल, आपल्या भाषेत एक घाणा.) कंपनीनं २०२०मध्ये जवळपास १ कोटी ९ लाख डॉलर भरून तडजोड केली. बाईंनी २०२१मध्ये गुन्हा कबूल केला आणि २०२२मध्ये त्यांना अडीच वर्षांची कैद आणि ५० हजार डॉलर दंड झाला. तेव्हा त्यांचं वय ६७ होतं.

हे प्रकरण मी वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात अडकून बसल्या त्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे, बाईंना यातून स्वतःला पैसे मिळाल्याचं कुठेही दिसत नाही. दुसरी म्हणजे त्यांनी तपास अधिकाऱ्यांना दिलेलं एक कारण. काही चाचण्यांचे आकडे त्यांनी बदलले, कारण पोलाद उणे शंभर अंश फॅरनहाइटला, म्हणजे उणे ७३ सेल्सियसला तपासायची नौदलाची अट त्यांना मूर्खपणाची वाटत होती.

या 'मूर्खपणाची' शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो, कारण खरं सांगायचं तर मला त्यांचं म्हणणं पटण्यासारखं वाटलं. समुद्राचं खारं पाणी उणे दोन अंशांच्या आसपास गोठतं. उणे ७३ अंशांच्या समुद्रात कुठलीच पाणबुडी कधी जाणार नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ज्यांचं कारण कुणालाच आठवत नाही अशा अटींनी भरलेली स्पेसिफिकेशन्स मी रोज बघतो. त्यातली एखादी अट डोळे मिटून ओलांडणारा माणूस मला खलनायक वाटत नाही. बहुतेकदा तो टीममधला सगळ्यात जाणता माणूस असतो.

आता ती चाचणी काय असते ते सांगतो, कारण मुद्दा तिथेच आहे. दहा मिलिमीटर जाडीरुंदीचा आणि ५५ मिलिमीटर लांबीचा पोलादाचा तुकडा घ्यायचा, त्याला मधोमध 'व्ही' आकाराची खाच पाडायची, ठरलेल्या तापमानाला थंड करायचा आणि लंबकाला बांधलेल्या हातोड्यानं एका फटक्यात तोडायचा. तुकडा तोडून हातोडा पलीकडे किती वर जातो त्यावरून पोलादानं किती ऊर्जा पचवली ते कळतं. चिवट पोलाद वाकत, ताणत तुटतं. ठिसूळ पोलाद काचेसारखं कडकन तुटतं. इंजिनिअरिंगला असताना आम्हीही हा प्रयोग केला होता, खोलीच्या तापमानाला. जर्नलमधला आकडा बहुतेकांचा सारखाच होता. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

पोलाद थंडीत ठिसूळ होतं, हे जहाजबांधणीनं फार महागात शिकून घेतलं. १६ जानेवारी १९४३ला 'शेनेक्टडी' नावाचं नवंकोरं टँकर जहाज ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या धक्क्याला, शांत पाण्यात उभ्या उभ्या मोठा आवाज होऊन मधोमध तडकलं. ना वादळ, ना शत्रू. पण पोलादाला ठिसूळ करणारी थंडी ही एकटीच नव्हे. मार किती वेगानं बसतो यावरही ते ठरतं. सावकाश ओढलं तर ताणणारं पोलाद जवळ स्फोट झाला तर त्याच तापमानाला तडकू शकतं. युद्धनौकेला दोन्हींचा विचार करावा लागतो. त्यामुळे प्रयोगशाळेतली भयानक थंडी समुद्राच्या थंडीबद्दल असेलच असं नाही. जी परिस्थिती प्रयोगशाळेत सहज उभी करता येत नाही, तिच्या जागी ती उभी असू शकते. अट मूर्खपणाची दिसते ती आपण तिला तिच्याच नावानं ओळखतो म्हणून.

पण समजा, बाईंचं बरोबर होतं. अट खरोखरच अतिरेकी होती असं धरून चाला. एकही पाणबुडी त्या पोलादामुळे बुडालेली नाही. कुणी जखमीही झालेलं नाही. नौदलाला त्या पाणबुड्यांवर जास्तीची देखरेख आणि खर्च करावा लागला, एवढंच नुकसान समोर आलं. मग कायद्याची कलमं बाजूला ठेवली तर चूक नेमकी कुठे झाली?

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १८७७मध्ये 'द एथिक्स ऑफ बिलीफ' हा निबंध लिहिला. त्याची सुरुवातच एका जहाजमालकापासून होते. जहाज जुनं आहे, डागडुजी मागतं आहे, मालकाच्या मनात शंका येते. पण इतक्या सफरी पार पडल्या, हीही पडेल, अशी तो स्वतःची समजूत घालतो आणि परदेशी निघालेल्या कुटुंबांनी भरलेलं जहाज प्रसन्न मनानं रवाना करतो. जहाज बुडतं, मालकाला विम्याचे पैसे मिळतात. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे. आणि पुढे म्हणतो, जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी असता, फक्त पकडला गेला नसता. जहाज बुडतं की तरतं हा नशिबाचा भाग, दोष आधीच घडलेला आहे. विसाव्या शतकात बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी या 'नैतिक नशिबा'चा बराच कीस काढला. आपण प्रत्यक्षात मात्र बुडालेल्या जहाजाच्या मालकालाच शिव्या घालतो, तरलेल्याच्या नाही, हे त्यांचं निरीक्षण कुणाही वर्तमानपत्र वाचणाऱ्याला मान्य होईल.

टकोमाच्या बाईंना मात्र क्लिफर्डचं माप नीट बसत नाही. जहाजमालकाला शंका होती, ती त्यानं दाबली. बाईंना निदान त्या अटीबद्दल शंकाच नव्हती. पोलादातलं त्यांना नौदलाच्या कारकुनापेक्षा नक्कीच जास्त कळत होतं. विश्वास ठेवायचा अधिकार पुराव्यानं मिळतो असं क्लिफर्ड म्हणतो. मग आयुष्यभराचा अनुभव हा पुरावा नाही का?

याचं उत्तर मला क्लिफर्डपेक्षा माझ्या मामाकडून मिळालं. मामा मुंबईच्या गोदीत मेकॅनिकलकडे होते, नौदलाच्या जहाजांची दुरुस्ती. डिप्लोमा करून लागले आणि सीनियर इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. पंप, व्हॉल्व्ह, पाइपलाइन, शाफ्टची बेअरिंगं. जहाज दुरुस्तीला आलं की उघडायचं, मोजायचं, बदलायचं, बंद करायचं, दाबाखाली तपासायचं आणि सही करायची. त्या सहीनंतर जहाज समुद्रात जायचं आणि मामा संध्याकाळची डोंबिवली लोकल पकडायचे. टकोमाची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी पोलादाबद्दल काही विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, "कार्डावर रकाना कसला होता?"

मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी त्यांच्याकडचं उदाहरण दिलं. खाऱ्या पाण्याची लाइन दुरुस्त केली की तिच्यात दाब भरून अर्धा तास धरायचा. गेजची सुई हलता कामा नये. एकदा एका तरुण फिटरनं सुई जरा पडली तरी 'दाब कायम' असं लिहून आणलं. मामांनी कार्ड परत केलं. फिटर म्हणाला, साहेब, सकाळी पाइप उन्हात होता, मग सावली आली, पाणी गार झालं म्हणून पडली. गळती कुठेच नाही, मी सगळे जोड पुसून बघितलेत. मामा म्हणाले, "तुझं बरोबर असेल. पण पडलं ते पडलं लिही. का पडलं ते खाली लिही."

"आणि गळती होती का?" मी विचारलं.

"नव्हती. त्याचंच बरोबर निघालं," मामा म्हणाले. "त्याचं काय?"

मला वाटतं, सगळं यात आहे. कार्डावर दोन वेगळे प्रश्न असतात: सुईनं काय दाखवलं, आणि त्यावरून तुला काय वाटतं. फिटरनं पहिल्या प्रश्नाच्या जागी दुसऱ्याचं उत्तर लिहिलं होतं. उत्तर बरोबर होतं, जागा चुकीची होती. टकोमाच्या बाईंनीही तेच केलं. कार्ड त्यांना विचारत होतं, हातोडा किती वर गेला? त्या उत्तर देत होत्या, पोलाद चांगलं आहे. त्यांचं मत त्यांच्याकडे कुणी मागितलं नव्हतं असं मी म्हणत नाही. मत लिहायची वाट होती, तिला सगळ्या कारखान्यांत काही ना काही नाव असतं. अट पुरी होत नाही, पण अमुक कारणांनी हा भाग वापरावा असं आम्हाला वाटतं, असा अर्ज करायचा. मग वरचा कुणीतरी विचार करून हो किंवा नाही म्हणतो. बाईंनी मत आकड्याच्या वेषात पाठवलं. त्यामुळे पुढच्या प्रत्येकाकडून विचार करायची संधीच हिरावली गेली.

पुढचा माणूस म्हणजे कोण? ही साखळी लांब असते. आराखडा करणाऱ्याला आपल्याला काय माहीत नाही याची थोडीफार कल्पना असते, म्हणून तो जास्तीची ताकद धरतो. फाउंड्रीतल्या माणसाला वाटतं, आराखडा करणाऱ्यानं जास्तीचं धरलेलंच असणार, आपला घाणा थोडा उतरला तर बिघडत नाही. फिटरला वाटतं, फाउंड्रीनं चोख तपासलेलंच असणार. कप्तानाला वाटतं, एवढ्या सगळ्यांनी धरलंय तर पन्नास मीटर आणखी खाली जायला हरकत नाही. अंधारात हौदात दुधाऐवजी पाणी ओतणाऱ्यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. इथे हौद भरलेला आहे आणि जो तो गुपचूप एकेक पेला काढून नेतो आहे. प्रत्येकाचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर आहे. चूक आहे ती एवढीच की ते जास्तीचं त्याचं नाही. ज्याला ते लागणार आहे, तो माणूस आपल्याला माहीत नाही आणि कधी लागणार तेही माहीत नाही. बाईंनी १९८५मध्ये पास केलेल्या पोलादाचा हिशेब तीस वर्षांनी कुणी तरी वेगळाच माणूस मांडणार होता: पाणबुडीचं आयुष्य आणखी वाढवता येईल का? त्याच्या हातात खोटा आकडा पडला असता.

अमेरिकी नौदलाला हे माहीत नव्हतं असंही नाही. 'थ्रेशर' ही त्यांची अणुपाणबुडी १० एप्रिल १९६३ला दुरुस्तीनंतरच्या खोल पाण्याच्या चाचणीत केप कॉडच्या पूर्वेला बुडाली. १२९ माणसं गेली. चौकशी समितीच्या मते शक्यता अशी की इंजिनरूममध्ये खाऱ्या पाण्याच्या पाइपचा जोड फुटला, पाण्यानं विजेची यंत्रणा बिघडली, अणुभट्टी बंद पडली, आणि वर येण्यासाठी टाक्यांतलं पाणी हवेनं ढकलायला गेले तर हवेतल्या ओलाव्याचा बर्फ होऊन ती वाटही तुंबली. या क्रमाबद्दल नंतरच्या तज्ज्ञांनी मतभेद नोंदवले आहेत. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते आधी घडलेलं. पाणबुडीवर असे चांदीच्या मिश्रधातूनं सांधलेले सुमारे तीन हजार जोड होते. दुरुस्तीच्या काळात त्यातले १४५ अल्ट्रासोनिक यंत्रानं तपासले गेले आणि जवळपास १४ टक्के मापाला उतरले नाहीत. उरलेल्यांची तशी तपासणी झाली नाही. त्या १४ टक्क्यांवरून उरलेल्या जोडांचा अंदाज बांधायला आठवीचं गणित पुरतं.

मेलेल्या १२९मध्ये १७ जण खलाशी नव्हते, नागरी माणसं होती. गोदीतले आणि कंत्राटदारांकडचे तंत्रज्ञ. दुरुस्ती करणारेही चाचणीला सोबत गेले होते. मामाही सी ट्रायलला जायचे. दुरुस्त करणाऱ्याला जहाजावर चढवलं की दुरुस्ती नीट होते, असा एक रांगडा न्याय लोक सुचवतात. मला तो कधीच पटला नाही, आणि थ्रेशरवरची ही १७ माणसं त्याच्याविरुद्धचा पुरावा वाटतात. जिवाची भीती माणसाला जपून वागायला लावेल, पण न तपासलेला जोड तिला दिसत नाही.

थ्रेशरनंतर त्याच वर्षी 'सबसेफ' नावाची पद्धत सुरू झाली. १९१५ ते १९६३ या काळात अमेरिकेच्या सोळा पाणबुड्या युद्धाविना, अपघातांत गेल्या होत्या. त्यानंतर आजवर एकच गेली, १९६८मध्ये 'स्कॉर्पियन', आणि तिला सबसेफचा दाखला नव्हता. २००३मध्ये कोलंबिया यानाच्या अपघातानंतर अमेरिकी संसदेच्या समितीनं नौदलाला बोलावून विचारलं की तुम्हाला हे कसं साधलं. त्या पद्धतीच्या मुळाशी एक कोरडी कल्पना आहे: ज्या भागावर पाणबुडीचा जीव अवलंबून आहे त्याच्याबद्दल कुणी म्हणतं म्हणून काहीही मानायचं नाही. मोजलेलं, पाहिलेलं, आणि दुसऱ्याला पुन्हा पडताळता येईल असं काहीतरी हवं. मामांच्या कार्डावरची वरची ओळ, तेवढीच.

आणि हेही खरं की या सगळ्या पद्धतीला बाईंचं कपट बत्तीस वर्षं कळलं नाही. आकड्यावर सगळा डोलारा उभा असेल तर खोटा आकडा मताहून जास्त दूर जातो.

प्रामाणिकपणाची किंमत लहान नसते, हे सांगितल्याशिवाय मी पुढे गेलो तर मामा हसतील. जहाज सोमवारी निघायचं ठरलेलं असतं आणि शुक्रवारी सुई पडते. प्रत्येक वेळी जहाज अडवणारा इंजिनिअर फार दिवस इंजिनिअर राहत नाही, आणि अडकलेलं जहाज ही काही सुरक्षितता नव्हे. अमेरिकेची 'बॉयझी' ही पाणबुडी गोद्यांमध्ये जागा नसल्यानं मोठ्या दुरुस्तीविना राहिली, पाण्याखाली जायचा तिचा दाखला संपला आणि ती वर्षानुवर्षं धक्क्याला उभी राहिली. अब्जावधींचं यंत्र, उत्तम खलाशी, आणि एक कागद नाही म्हणून डुबकी नाही. ज्यानं तो कागद दिला नाही त्याला कुणी पदक देणार नाही.

आपल्याकडे अशा वेळी 'नैतिक जबाबदारी' हा शब्द निघतो. २६ फेब्रुवारी २०१४ला मुंबईजवळ समुद्रात 'सिंधुरत्न' पाणबुडीवर धूर झाला, दोन अधिकारी गेले, आणि त्याच दिवशी नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. त्याच्या सहा महिने आधी 'सिंधुरक्षक'वर मुंबईच्या धक्क्यातच स्फोट होऊन १८ जण गेले होते. राजीनामा मोठ्या मनाचा होता, यात मला शंका नाही. पण त्या शब्दाच्या आपल्या वापरात एक गोम आहे. जबाबदारी वर सरकत सरकत सर्वांत उंच माणसापाशी गेली की खालच्यांची सुटका होते, असं आपण मानतो. राजीनाम्याची बातमी पहिल्या पानावर येते. गेजची सुई कुणाच्याच पानावर येत नाही.

एक प्रश्न मला सोडवता आलेला नाही. पाणबुडी हे माणसं मारायचं यंत्र आहे. ती बिनचूक ठेवणाऱ्याचा प्रामाणिकपणा तिला अधिक चांगलं मारता येईल अशी ठेवतो. तो गुण कुणाच्या बाजूनं मोजायचा? मामांना विचारलं तर ते म्हणाले की आत पन्नास पोरं असतात. उत्तर खरं आहे, पण माझा प्रश्न टॉर्पेडोच्या दुसऱ्या टोकाबद्दल होता. जोड कच्चा ठेवून युद्ध टळत नाही, एवढं मला समजतं. त्यापलीकडे मी गेलेलो नाही.

माझ्या कामात समुद्र नाही. आमच्या धंद्यात सॉफ्टवेअर ग्राहकाला पोचवण्यालाही 'शिप करणं' म्हणतात, एवढाच काय तो संबंध. ते बुडालं तर आम्ही रात्री दोन वाजता पॅच टाकून वर काढतो. पण गेलं वर्षभर मी कारखान्यांसाठीचं एक देखभालीचं अॅप लिहितो आहे. फिटरनं टॅबवर बघून एकेक बाब तपासायची आणि खूण करायची. बाब समोर आली की दोन बटणं, पास आणि फेल. गेल्या महिन्यात एका ग्राहकाकडून मागणी आली की वर आणखी एक बटण द्या, 'सर्व पास'. एकेक दाबायला माणसांचा वेळ जातो. मागणीत वाईट हेतू काहीच नव्हता. चाळीसपैकी अडतीस बाबी रोज पासच असतात, हा त्यांचा अनुभव होता, आणि डेटाही तेच सांगत होता. टीममध्ये कुणाला त्यात खटकण्यासारखं दिसलं नाही. दोन तासांचं काम आहे.

मी ते बटण करायला नकार दिला आणि त्याऐवजी वेगळा मसुदा पाठवला. पास-फेलच काढून टाकायचं. प्रत्येक बाबीला दोन खण: वर मापलेला आकडा, खाली फिटरचं म्हणणं. पास की नाही ते त्यानंतर ठरेल आणि ठरवणाऱ्याचं नाव दिसेल. मॅनेजरचं म्हणणं पडलं की यात माणसांचा वेळ आणखी जाणार. जाणार आहेच. ते मी मसुद्यात मिनिटांसकट लिहिलं आहे.

मसुदा सध्या रिव्ह्यूत आहे. परवा ग्राहकाकडून एकच शंका आली: खण रिकामा ठेवला तर चालेल का? मी लिहिलं, खालचा चालेल. त्यावर अजून काही आलेलं नाही.